पाचट पेटवण्यापूर्वी

ऊसतोड संपली की संध्याकाळी शिवारात जागोजागी धूर दिसू लागतो. हेक्टरी ८-१० टन पाचटाची बघता बघता राख होते आणि 'रान मोकळे झाले' म्हणून आपण समाधान मानतो. हा विषय विज्ञानशाखेचा म्हणून आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी पाठ फिरवावी, असे मला वाटत नाही. आपल्यापैकी अनेकांची फी याच रानातून येते.

पाचट, भाताचा पेंढा, कापसाच्या पऱ्हाट्या यांत साखर असते, पण ती सेल्युलोजच्या रूपात कोंडलेली. तिच्याभोवती हेमीसेल्युलोज आणि लिग्निन यांची घट्ट वीण असते. झाडाला ताठ उभे ठेवणारे हे लिग्निन विकरांना आत शिरू देत नाही. म्हणून सौम्य आम्ल, दाबाखालची वाफ किंवा अमोनिया वापरून ही वीण आधी सैल करावी लागते. मग विकर साखर सुटी करतात व यीस्ट तिचे इथेनॉल बनवते. ही पूर्वप्रक्रिया खर्चिक तशीच नाजूक. कमी पडली तर साखर सुटत नाही. अति झाली तर साखरेचेच फरफ्युरलसारखे पदार्थ होतात व ते यीस्टला मारक ठरतात.

हे आपल्याला अगदीच परके नाही. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरियाचे पाणी शिंपडून तो तीन आठवडे हवाबंद ठेवतात. युरियातून निघणारा अमोनिया काडी मऊ करतो, जनावराला ती पचते. गोठा आणि कारखाना यांतले तत्त्व एकच!

१० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपतला इंडियन ऑइलच्या अशा कारखान्याचे उद्घाटन झाले. वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, ही त्याची योजना. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

परंतु पाचट 'टाकाऊ' ठरवायचे कोणी? रानात पसरलेले पाचट ओल धरते, कुजून जमिनीचा कस वाढवते. ते सगळेच उचलले तर टाक्या भरतील, जमीन मात्र रिती होईल. म्हणून पहिला वाटा जमिनीचा, दुसरा गोठ्याचा. आणि एरवी जे पेटवलेच जाईल, ते कारखान्याला, तेही रोख दामाने. कारखान्याला माल कमी पडेल, असे कोणी म्हणेल. पण धुरात जाणारे आधी वाचवून तरी पाहू या!

सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांच्या हातातली काडी क्षणभर थांबवून एवढे बोललो, तरी आपल्या शिक्षणाचा घराला काही उपयोग झाला असे मी म्हणेन.