रात्री फ्लॅपकडे कोण बघतं?

फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागली की दरवर्षी तेच! लाइन फॉलोअर, मोबाईलवरून दिवे चालू-बंद, आपोआप सुरू होणारा पंप. त्यात वाईट काही नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की आपल्यापैकी एखाद्या ग्रुपने प्लॅस्टिक सर्जरीच्या वॉर्डात डोकावून यावं.

आमच्या मुदखेडला पुडी कुठे मिळते हे कुणाला सांगावं लागत नाही. हॉस्टेलवाल्यांनाही नाही. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, तरी! असो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा काढावा लागला, तर पोटरीतलं बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढून तिथं बसवतात. हा फ्लॅप. दोन-तीन मिलिमीटरच्या त्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. पण खरी परीक्षा पुढेच. पहिल्या दोन-तीन दिवसांत जोडात गुठळी झाली आणि वेळेत कळलं नाही, तर फ्लॅप मरतो. लवकर कळलं तर परत टेबलावर घेऊन बहुतेकदा वाचवता येतो.

म्हणून सिस्टर सुरुवातीला तासातासाला बघतात. फ्लॅप फिकट, दाबून सोडल्यावर रंग यायला उशीर, म्हणजे रक्त पोचत नाही. जांभळा, फुगलेला, दाबून सोडला की झटकन रंग येतो, म्हणजे रक्त येतंय पण परत जात नाही. आपल्या भाषेत, आधीच्यात सप्लाय गेला, नंतरच्यात ड्रेन तुंबला. आमच्या गल्लीतल्या एका मामांचा फ्लॅप पहाटे असाच जांभळा दिसला. सिस्टर जाग्या होत्या म्हणून आज मामा भाकरी कुस्करून का होईना, खातात.

रक्त चालू ठेवायचं भान आपल्याकडे जुनं आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्याची हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं, पण दोन्ही डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी तोडली नाही. रक्त तिच्यातूनच येत होतं. ती कापली पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास!

आता कुणी म्हणेल, कॅमेरा लावू, सॉफ्टवेअर रंग ओळखेल. अरे, पण फ्लॅप तोंडाच्या आत, वर लाळ! कॅमेरा चिकटवणार कुठे? तापमान मोजावं तर तोंड मुळातच गरम. सावळ्या कातडीवर रंगातला फरक लवकर दिसत नाही. गडद कातडीवर पल्स ऑक्सिमीटर कधी कधी ऑक्सिजन जास्त दाखवतो, हे 2020 साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलंच आहे. डॉपलरची तार, प्रकाशावर चालणारे सेन्सर अशी यंत्रं आहेत, पण महाग. आणि रात्रीतून दहा वेळा उगाच बोंबलणारं यंत्र सिस्टर बंदच करून ठेवणार, मी असतो तरी तेच केलं असतं.

तेव्हा सर्किट नंतर. आधी परवानगी काढून एक रात्र सिस्टरच्या शेजारी बसा, त्या काय बघतात ते लिहून घ्या. नांदेडला विष्णुपुरीतच सरकारी मेडिकल कॉलेज आहे आणि इंजिनीअरिंगची संस्थाही. सरांना एवढीच विनंती, यंदा एका तरी ग्रुपला लाइन फॉलोअरऐवजी हा विषय द्या.