मारिओचे बिऱ्हाड

जानेवारी २०१४मध्ये क्योटोच्या निन्टेंडो कंपनीची पुरती नाचक्की झाली. आर्थिक वर्षात आपली 'वी यू' ही खेळाची यंत्रे, म्हणजे कन्सोल, ९० लाख खपतील असा तिचा अंदाज होता. तो तिने थेट २८ लाखांवर आणला. अध्यक्ष सातोरु इवाता यांनी पाच महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्मा केला. मग सल्लागारांचे पेवच फुटले. यंत्रांचा नाद सोडा, मारिओचे बिऱ्हाड फोनमध्ये हलवा! हाँगकाँगच्या 'ओॲसिस मॅनेजमेंट' या गुंतवणूक संस्थेच्या प्रमुखाने तर मारिओला जरा उंच उडी मारू देण्याचे ९९ सेंट घ्यावेत, असेही सुचवले.

हा पूर्वपक्ष पोकळ नव्हता. निन्टेंडोचे 'डीएस' हे खिशातले यंत्र १५ कोटींवर खपले होते. त्यानंतरचे 'थ्रीडीएस' अखेर त्याच्या निम्म्यावरच थांबले. प्रवासात चार घटका करमणूक हवी असणारे गिऱ्हाईक फोनने पळवले, हे उघड होते. मे २०१३मध्ये तर 'पझल अँड ड्रॅगन्स' या फोनवरच्या खेळाची कर्ती गंगहो कंपनी बाजारमूल्यात निन्टेंडोच्याही पुढे गेली होती.

पण त्यावरून लोकांना कन्सोलच नको झाला आहे, असा निष्कर्ष काढणे म्हणजे एक हॉटेल बुडाले म्हणून गावाची भूक मेली म्हणण्यासारखे होते. 'मारिओ कार्ट ८' हा खेळ २०१४मध्ये 'वी यू'वर आला आणि त्याच्या सुमारे ८४ लाख प्रती गेल्या. तोच खेळ थोडी भर घालून २०१७मध्ये 'स्विच' या निन्टेंडोच्याच पुढच्या यंत्रावर आला आणि सहा कोटींच्या पुढे गेला. खेळ तोच, मारिओही तोच. नडले होते ते यंत्र: नावावरून ते 'वी' या आधीच्या कन्सोलचे जोडउपकरण वाटे, आणि त्यावर खेळही थोडेच होते.

शिवाय फोनची परीक्षा निन्टेंडोने दिलीच. मार्च २०१५मध्ये डीएनए कंपनीशी करार झाला आणि डिसेंबर २०१६मध्ये 'सुपर मारिओ रन' आला. त्यात मारिओ आपोआप धावतो; अंगठा जितका वेळ दाबाल तितकी उडी उंच. सुरुवात फुकट, पुढचा सगळा खेळ एकदाच दहा डॉलर भरून. २० कोटी वेळा तो उतरवून घेतला गेला, तरी नफा अपेक्षेइतका नाही, असे खुद्द कंपनीने सांगितले. फोनवरचेच 'मीटोमो' आणि 'डॉ. मारिओ वर्ल्ड' दोन-अडीच वर्षांत गाशा गुंडाळून मोकळे झाले.

यावर निन्टेंडोच्याच 'फायर एम्ब्लेम हीरोज' या फोनवरच्या खेळाकडे बोट दाखवले जाते. त्याने पैसा ओढला, हे खरेच. पण कसा? हवे ते पात्र मिळेल या आशेने पुन्हापुन्हा पैसे टाकायला लावणाऱ्या सोडतीतून, म्हणजे जपानी 'गाचा'तून. आईबापांनी निर्धास्तपणे मुलांच्या हाती द्यावे, यावर ज्या कंपनीची सगळी पत उभी, तिने हे दुकान किती वाढवायचे? फोनवरच्या 'मारिओ कार्ट टूर'मधली अशीच सोडत निन्टेंडोने २०२२मध्ये काढून टाकली.

मुळात या कंपनीचे बळ यंत्र आणि खेळ एकाच छपराखाली घडवण्यात आहे. 'वी'चा रिमोट हलवून टेनिस खेळणे, 'स्विच' टीव्हीपासून उचलून तसेच खिडकीपाशी नेणे, हे यंत्र स्वतःचे असल्यावरच सुचते. फोनवर दुकानाचे नियम आणि बड्या खेळांच्या विक्रीतला आपला वाटा ॲपल-गूगल ठरवणार. सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीने २००१मध्ये कन्सोल सोडला. तिचा खेळनायक सॉनिक तगला, पण तो कशावर खेळायचा हे ठरवण्याचा अधिकार सेगाच्या हातून गेला.

म्हणून फोन वर्ज्य, असे मात्र नव्हे. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या घरांत मारिओ आला तो टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांतून. आजही इथल्या बहुतेक मुलांच्या हाती लागतो तो फोनच. अशांना मारिओची ओळख करून द्यायला फोन उत्तम. तिथे जाहिरातीवर होतो तसा खर्च करावा, संसार मांडू नये. मार्च २०२१ला संपलेल्या वर्षात मोबाइल आणि पात्रांच्या हक्कांचे मिळून उत्पन्न निन्टेंडोच्या एकूण विक्रीच्या जेमतेम तीन टक्के होते. बाकीचा गाडा 'स्विच'ने ओढला. आजवर १५ कोटींवर खपलेले हे यंत्र त्या सल्लागारांचे ऐकले असते तर बाजारात आलेच नसते.