भामरागडला पूर आला की डॅशबोर्डवर कुपोषण 'कमी' कसं होऊ शकतं?

दर पावसाळ्यात एक बातमी तुमच्या मोबाइलवर येतेच. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं, आलापल्ली-भामरागड रस्ता बंद, तालुक्याचा संपर्क तुटला.

भामरागड वसलंय इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमावर. त्यामुळे पाणी चढलं की रस्ता जातो, त्यामागे वीज जाते आणि टॉवरची बॅटरी संपली की मोबाइलही मुका होतो. लाहेरी, बिनागुंडाकडच्या गावांचं तर विचारूच नका.

ही झाली पुराची बातमी. आपला विषय त्याच्या पुढचा आहे. या दिवसांत तिथून वर जाणाऱ्या आकड्यांचं काय होतं?

कारण गडचिरोली हा आकांक्षित जिल्हा आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारनं हा कार्यक्रम सुरू केला. देशातले ११२ जिल्हे, ४९ निकष आणि दर महिन्याला क्रमवारी. त्यात आरोग्य-पोषण आणि शिक्षण या दोघांना प्रत्येकी ३० टक्के वजन. कोणता जिल्हा किती पुढे सरकला ते एका डॅशबोर्डवर दिसतं. अंगणवाडीतल्या मुलांच्या वजन-उंचीसाठी २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' हे वेगळं ॲप आहे.

कंपन्यांच्या भाषेत याला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात. खालून माहिती येते, एका जागी जमा होते, तिची बेरीज-वजाबाकी होते आणि साहेबांच्या स्क्रीनवर रंगीत आलेख उमटतो. दुकानांच्या साखळीत विक्री मोजतात, इथे मुलांची वजनं. यंत्रणा तीच, आणि ती बिघडते तेव्हा बिघडण्याची तऱ्हाही तीच.

आता एक हिशोब करू. आकडे मनचे आहेत, समजण्यापुरते.

समजा एका तालुक्यात १०० अंगणवाड्या आहेत. जूनमध्ये सगळ्यांची माहिती आली, तीव्र कुपोषित मुलं ४०. जुलैमध्ये पूर आला, ६० अंगणवाड्यांचीच माहिती पोचली आणि त्यात मुलं निघाली ३०. स्क्रीनवर काय दिसणार? ४० वरून ३०. कुपोषण २५ टक्क्यांनी घटलं, हिरवा बाण, बैठकीत अभिनंदन!

पण नीट बघा. जूनमध्ये दर १० अंगणवाड्यांमागे ४ मुलं होती, जुलैमध्ये ५ झाली. म्हणजे जिथली माहिती आली तिथे परिस्थिती बिघडलेली असू शकते. आणि ज्या ४० अंगणवाड्या गप्प आहेत त्या कुठल्या? पाण्यानं वेढलेल्या. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत त्या. जिथे मूल आजारी पडलं तर दवाखाना गाठणं सगळ्यात अवघड, नेमक्या त्याच.

'शून्य' आणि 'माहितीच नाही' यातला फरक पुसला गेला की असं होतं. गंमत म्हणजे यात कुणीही खोटं बोललेलं नसतं.

पुढचा महिना आणखी वाईट. पाणी ओसरतं, नेटवर्क येतं आणि सेविकेच्या मोबाइलमध्ये अडकलेल्या जुलैच्या नोंदी ऑगस्टमध्ये वर चढतात. यंत्रणेनं मोजणीची तारीख न धरता नोंद पोचल्याची तारीख धरली, तर ऑगस्टमध्ये आकडा एकदम उसळतो. मग विचारणा कुणाला? तिलाच. खरी नोंद करून नोटीस मिळते हे एकदा लक्षात आलं की पुढच्या वर्षी काय होईल, हे सांगायला डेटा सायंटिस्ट लागत नाही.

हत्याराचाही प्रश्न आहेच. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते. फोन सारखे बंद पडतात, मेमरी पुरत नाही आणि ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. तेव्हा अनेकांना ते नुसतं आंदोलन वाटलं. खरं तर यंत्रणेच्या देखभालीचा तो सगळ्यात स्पष्ट अहवाल होता.

हे मागासलेल्या भागातच घडतं असं समजू नका. २०२० च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये कोरोनाचे जवळपास १६ हजार रुग्ण सरकारी आकड्यांतून गळाले. कारण? प्रयोगशाळांचे निकाल एक्सेलच्या जुन्या फॉरमॅटमध्ये भरले जात होते. त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. जास्तीचे रुग्ण गुपचूप बाहेर पडले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध काही दिवस रखडला.

कंपन्यांत तर रोजचं आहे. पॉवर बीआयमध्ये ठरलेलं रिफ्रेश सलग ४ वेळा फसलं की ते वेळापत्रकच बंद होतं. ईमेल जातो तो रिपोर्ट बनवणाऱ्याला, आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असू शकतो. आलेख मात्र जुनेच आकडे दाखवत झळकत राहतो.

म्हणून डॅशबोर्ड सांभाळणाऱ्याचं पहिलं काम आकडा बघणं नाही. आज किती ठिकाणांहून माहिती यायला हवी होती आणि किती ठिकाणांहून आली, हे बघणं. शेवटचं अपडेट कधीचं? एकच मूल दोनदा मोजलं का? आणि सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात मोलाचं काम म्हणजे अधूनमधून प्रत्यक्ष गावात जाऊन वहीशी आकडा पडताळणं.

या शेवटच्या कामाचा मोठा धडा गडचिरोलीशीच जोडलेला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून या जिल्ह्यात काम करते. घराघरांत जाऊन जन्म-मृत्यू मोजायची तिची पद्धत. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी गावोगावी केलेल्या मोजणीतून दिसलं, की सरकारी नोंदींतले बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा खूपच कमी आहेत. पुढे राज्य सरकारला डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. तेव्हा ना ॲप होतं ना डॅशबोर्ड. होता तो कागद, आणि त्यावर न आलेली मुलं शोधायला निघालेली माणसं.

आकांक्षित जिल्ह्यांच्या आकड्यांची बाहेरच्या संस्थांकडून घरोघरी पाहणी करून पडताळणी झालेली आहे. म्हणजे दिल्लीलाही हा धोका माहीत आहे. पण अशी पाहणी कधीतरी होते, पूर मात्र दर वर्षी येतो.

आणि इथे एक सोपी गोष्ट हाताशी आहे. पावसाळ्यात कोणत्या गावांचा संपर्क तुटणार, हे प्रशासनाला आधीच ठाऊक असतं. त्या गावांत काही महिन्यांचं रेशन पाऊस सुरू होण्याआधी पोचवून ठेवतात. तीच यादी डॅशबोर्डमध्ये टाकता येईल. जुलैमध्ये त्या गावांसमोर शून्य किंवा हिरवा रंग न दाखवता 'संपर्क नाही' असं लिहायचं, बेरजेखाली '१०० पैकी ६०' छापायचं आणि उशिरा आलेली नोंद तिच्या खऱ्या महिन्यातच बसवायची. एवढं केलं तर पुराच्या महिन्यात स्क्रीनकडे बघणारा साहेब बाणाचा रंग सोडून उरलेल्या ४० गावांची नावं विचारेल.