आक्काचा फेर

नवरात्रात नेऱ्याला गेलो होतो. हिंजवडीच्या काचेच्या इमारती मागे पडल्या, की मुळशी तालुक्यातले हे गाव येते. तिथे आमची आक्का राहते. भात नुकते निसवले होते. नातवाला ते दाखवावे म्हणून मी ऐटीत बांधावर चढलो. रात्रीच्या पावसाने बांध निसरडा झालेला. आधी नातू घसरला. त्याने झटकन एक लांब पाऊल टाकले आणि सावरला. त्याच जागी मी घसरलो. माझी चार तोकडी पावले पडली, पाचवे खाचरात! (सौभाग्यवती काय म्हणाल्या ते छापण्याजोगे नाही.)

वय झाले की घसरल्याचे उशिरा कळते, असा माझा समज होता. मिशिगन विद्यापीठातला 1997 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग निराळेच सांगतो. माणसाला दोराने पुढे झुकवून धरायचे आणि अवचित दोर सोडायचा. (खाली आपटू नये म्हणून वरून दुसरा पट्टा असतो, बरे का!) तरुण सुमारे 32 अंश झुकूनही एका पावलात सावरले, सत्तरीच्या घरातल्या पुरुषांची मजल 24 अंशांपर्यंतच. पाय उचलायला दोघांना वेळ जवळपास सारखाच लागला. म्हातारे मागे पडले ते पाय पुढे फेकण्याच्या वेगात.

हे ऐकून सगळे हसले, आक्का मात्र हसली नाही. गेल्या श्रावणात ती अंगणात पडली होती. हाड मोडले नाही, पण धास्ती बसली. तेव्हापासून देऊळ बंद, शेजार बंद. पासष्टीपुढच्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसे दरसाल एकदा तरी पडतात. तेव्हा ती काही एकटी नव्हे. पण बसून राहिले की मांड्यांतली ताकद जाते, पाय आणखी मंदावतो, आणि भीती खरी ठरते.

म्हटले, "आक्का, खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस करायची. कुणाला तरी शेजारी उभे करून पुढे, बाजूला झटझट पावले टाकायची. बाजूचे पाऊलच म्हातारपणी जास्त चुकते."

"अरे, मग भोंडल्याचा फेर काय निराळा असतो?" ती म्हणाली.

संध्याकाळी अंगणात पाट मांडला, त्यावर हत्ती काढला. आक्काच्या एका हाताला मी, दुसऱ्या हाताला सून. पहिला फेर मुंगीच्या पावलांनी झाला. तिसऱ्या फेराला तिने माझा हात सोडला आणि नातवाला विचारले, "खिरापत ओळख पाहू!"