मशेरीचा हिशेब बाईच्याच माथी नको

तंबाखूचे व्यसन म्हटले की बिडी ओढणारा किंवा गुटख्याची पुडी फाडणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो. बाई तव्यावर भाजून लावते ती मशेरी व्यसनात धरलीच जात नाही. ती ‘दात घासायची’! हातकणंगल्यातल्या वस्त्यांवर ‘व्यसन आहे का?’ असे विचारले की बाया ‘नाही’ म्हणतात. ‘मशेरी दिवसातून किती वेळा?’ असे विचारले की मग बोटे मोजू लागतात.

हा न मोजलेला हिशेब डॉ. प्रकाश गुप्ता यांनी मांडला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांच्यासोबत त्यांनी तोंडाच्या कर्करोगावर काम केले. एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम भागांतल्या तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६ हजार लोकांची तोंडे तपासून त्यांना पुन्हापुन्हा समजावले गेले. या कामात डॉ. मीरा अघी यांचाही वाटा होता. लोक तंबाखू सोडतात आणि तोंडातले कर्करोगपूर्व चट्टे कमी होतात, हे १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले.

पुढे गुप्तांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर बायांची पाहणी केली. त्यांतल्या १७ टक्के बाया धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, त्यात मशेरीच जास्त. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, हे २००४ साली प्रसिद्ध झाले.

धोका इथेच आहे. हा आकडा हातात आला की सासूपासून डॉक्टरपर्यंत सगळे आईलाच बोल लावतील. पण मशेरी का लागते? दाढ दुखते आणि दवाखान्याला जायचे तर रोज बुडतो. भूक मारायची असते. भांगलणीच्या आणि घरकामाच्या मधे तेवढाच काय तो विसावा. ही कारणे तशीच ठेवून नुसते ‘सोड’ म्हणणे म्हणजे आणखी एक ओझे.

कायदाही इथे तोकडा पडतो. २००३चा कायदा पाकिटावर इशारा छापायला लावतो, २०१२ची राज्यातली बंदी गुटख्यावर आली. घरच्या तव्याला ना पाकीट, ना इशारा.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. गरोदरपणाच्या नोंदणीत मशेरीचे नाव घेऊन विचारावे, पण दरडावून नव्हे. दातांचे उपचार गावाजवळ मिळावेत. आशाताईंच्या समजावण्याच्या कामाला वेळ आणि मोबदला मिळावा. छत्तीस हजारांनी दाखवून दिले आहे की माणसाशी माणसासारखे बोलले की तंबाखू सुटते. बायांशी तसे बोलायला आपण कधी सुरुवात करणार?