पावसाआधी गावची कणगी भरावी : जोयडा तालुक्यातील ग्रामस्थ, स्त्रीशक्ती संघ आणि ग्रामसभांना जाहीर आवाहन

घरातले अन्न एका दिवसात संपत नाही. आधी डाळ पातळ होते, मग भाजी सुटते, मग घरातली बाई पोरांना वाढून झाल्यावर उरेल तेवढ्यावर भागवते आणि सगळ्यात शेवटी चूल थंड राहते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने घराघरांतली अन्न-असुरक्षितता मोजण्यासाठी आठ प्रश्न ठरवले आहेत, तेही याच क्रमाने जातात : अन्न पुरेल का ही काळजी, मग मोजकेच पदार्थ, मग चुकलेले जेवण आणि शेवटी पूर्ण दिवसाचा उपवास. सरकारी मदत बहुधा शेवटच्या पायरीवर पोचते. पहिल्या पायऱ्या फक्त शेजाऱ्यांना दिसतात. म्हणून घरांवर ही वेळ येऊ नये यासाठी गावातल्या गावात उभी राहिलेली अन्नसंस्था जे करू शकते, ते दुसऱ्या कुणालाही जमत नाही. धान्य बँक असो, बियाणे राखणारा गट असो की रेशनवर लक्ष ठेवणारी समिती, अशी संस्था प्रत्येक गावात उभी राहावी, यासाठी हे आवाहन आहे.

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात या प्रश्नाला ठरलेला हंगाम आहे. विस्ताराने हा तालुका मोठा, पण लोकवस्ती सुमारे पन्नास हजार. काळी नदी इथल्याच डिग्गीच्या डोंगरात उगम पावते आणि तालुक्याचा मोठा भाग जंगलाने व्यापलेला आहे. कुणबी, गौळी, सिद्दी, मराठा अशी घरे चार-पाच, दहा-बारांच्या वाड्यांत विखुरलेली आहेत. बहुतेकांची शेती पावसावरची आणि पीक एकच, भात. मार्गशीर्षात कणगी भरते. ज्याची जमीन थोडी, त्याची कणगी उन्हाळा संपता संपता तळाला जाते. नेमकी त्याच वेळी पेरणी आणि लावणीची अंगमेहनत सुरू होते, ओढे-नाले भरतात, मजुरी मिळेनाशी होते आणि नवे भात यायला अजून चार महिने असतात. जून ते सप्टेंबर हे या तालुक्यातले खरे टंचाईचे महिने. त्यांची तयारी जूनमध्ये करता येत नाही, ती डिसेंबरातच करावी लागते.

ही परिस्थिती आपोआप आलेली नाही. डोंगरउतारावर जागा बदलत केली जाणारी कुमरी शेती ब्रिटिश काळापासून बंधनात आली. त्या शेतीत नाचणी, वरी, कडधान्ये एकत्र पिकत. ती गेल्यावर ताटातली विविधताही गेली. पुढे सुपा धरणाच्या पाण्याखाली जुने सुपा गाव आणि नदीकाठची सुपीक भातखाचरे गेली. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि कितीतरी कुटुंबे रामनगरला वसली. १९८७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला आणि २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखला जातो. जंगल राखलेच पाहिजे, यात वाद नाही. पण जंगलातून येणारे अन्न आणि शेतीची जागा आक्रसली, हेही तितकेच खरे आहे.

रेशनचा आधार मोठा आहे आणि तो कमी लेखू नये. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. त्याच वर्षी कर्नाटकात अन्नभाग्य योजना सुरू झाली. तरी हिशेब मांडून पाहावा. महिन्याला ५ किलो म्हणजे दिवसाला माणशी सुमारे १६७ ग्रॅम, आणि लावणीच्या दिवसांत चिखलात राबणाऱ्या माणसाच्या पोटाला एवढा तांदूळ पुरत नाही. राज्याचा वाढीव ५ किलोचा वाटा जुलै २०२३ पासून काही काळ रोखीने मिळाला, माणशी १७० रुपये. शहरात त्या पैशांतून लगेच तांदूळ येतो. भर पावसात दुकानापासून दहा-बारा किलोमीटर आत असलेल्या वाडीत तोच पैसा धान्य होईपर्यंत आठवडा जातो. शिवाय रेशनने मुख्यतः तांदूळ मिळतो. डाळ, भाजी, अंडे, तेल यांची सोय घराने स्वतःच करायची असते.

म्हणून पहिले काम धान्य बँकेचे. केंद्र सरकारने १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना आणली होती, तेव्हा ही कल्पना नवी नाही. पण बाहेरून आलेले धान्य वाटले की संपते. गावाने स्वतः साठवलेले धान्य गाव परत करते, कारण ते कुणाच्या घरातून आले हे सगळ्यांना ठाऊक असते. रीत साधी आहे. मळणीनंतर प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे भात जमा करावे. समजा चाळीस घरांनी सरासरी २० किलो दिले, तर ८०० किलो होतात. टंचाईच्या चार महिन्यांत सर्वांत गरजू दहा घरांना महिन्याला २० किलो देता येईल, एवढा हा साठा आहे. पुढच्या सुगीला घेतलेले भात परत करताना वर थोडी भर घालावी, मणामागे दोन-तीन पायल्या, म्हणजे उंदीर-किडीची तूट भरून निघते. सावकाराच्या दिढीत आणि या भरीत फरक असा की दिढी सावकाराच्या कोठारात जाते, आणि ही भर पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या ताटात येते. ज्या घरात कर्ता माणूस आजारी पडला किंवा हत्ती-रानडुकरांनी पीक नासले, त्याला परतफेडीत एक वर्षाची सूट असावी आणि ती सूट सभेतच जाहीर व्हावी.

साठवण तांदळाची नव्हे, भाताची करावी. टरफलातले धान्य अधिक टिकते. भात दाताखाली कट्कन तुटेल इतके वाळवून, शेणाने सारवलेल्या बांबूच्या कणगीत, जमिनीपासून उंच माचावर ठेवावे आणि मध्ये निर्गुडी किंवा कडुनिंबाचा पाला घालावा. जागा देवळाची असो, शाळेची असो की एखाद्या घराचा माळा, पण किल्ली दोन बायकांकडे आणि वही तिसरीकडे असावी. अनुभव असा की जिथे किल्ली, वही आणि निर्णय एकाच माणसाच्या हाती जातात तिथे वाद सुरू होतात आणि साठा मोडतो.

कोणाला किती द्यायचे हा सर्वांत नाजूक प्रश्न. तेलंगणातल्या झहीराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी १९९० च्या दशकात हा प्रश्न उघड्यावर आणून सोडवला. गावाचा नकाशा जमिनीवर काढून, घराघराची स्थिती सगळ्यांसमोर बोलून, कोणते घर जास्त अडलेले आहे ते गावानेच ठरवले. पडीक जमिनी पुन्हा ज्वारी-बाजरीखाली आणण्यासाठी शेतकऱ्यांना उसनवार दिली, परतफेड धान्याने घेतली आणि तेच धान्य टंचाईत गरजू घरांना स्वस्तात विकले. जोयड्यातल्या वाड्या त्याहून लहान आहेत आणि माणसे एकमेकांना अधिक ओळखतात. इथे हे काम अधिक सोपे जावे. एवढेच पाहावे की कुणाचे नाव घेताना त्याची मान खाली जाणार नाही. मदत मागणे हा इथे कमीपणा मानला जातो, आणि म्हणूनच कितीतरी घरे न मागता उपाशी राहतात.

दुसरे काम कंदांचे, आणि या बाबतीत जोयड्याइतके श्रीमंत तालुके थोडेच असतील. मुडली, कोन, चिरका, काटेकणंग, करांदे, सुरण असे कितीतरी कंद कुणबी घरांच्या परसात आणि शेताच्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. त्यांना ना कालव्याचे पाणी लागते ना विकतचे खत. पावसाच्या तोंडावर लावायचे आणि थंडीत खणायचे. जोयड्यात भरणाऱ्या कंदमेळ्याने या वाणांना पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. ज्याला गरिबांचे खाणे म्हणून हिणवले जाई, त्यासाठी आता दुरून लोक येतात, हा या मातीच्या माणसांचा सन्मान आहे.

कंदांचे घरातले काम मात्र नीट समजून घ्यावे. कंद टंचाईच्या महिन्यांत निघत नाहीत. ते डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि सावलीत कोरडे ठेवले तर चांगले टिकतात. हिवाळ्या-उन्हाळ्यात एका वेळचे पोट कंदांनी भरले की तेवढे भात कणगीत शिल्लक राहते आणि श्रावणापर्यंत पुरते. म्हणजे कंद खाल्ल्याचा उपयोग सात महिन्यांनी दिसतो. नेमकी इथेच एक धोका आहे. मागणी वाढली, भाव आला, की घर सगळेच कंद विकून टाकते. विक्रीला विरोध नाही, पैसाही हवाच. पण विक्री करणाऱ्या गटांनी नियम करावा की आधी घरचा वाटा, मग बियाण्याचा वाटा आणि उरलेला बाजारात. बियाणे राखण्याच्या कामी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण समोर ठेवावे. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी बाईंनी घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली, परिसरातल्या बायकांना बियाणे देऊन पेरायला लावले, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जोयड्यात मुडलीच्या आणि कोनाच्या प्रत्येक वाणाची निदान तीन घरांत लागवड राहील, अशी नोंद गटाने ठेवावी, म्हणजे एका घराचे पीक डुकरांनी खाल्ले तरी वाण जात नाही.

कंद आणि तांदूळ दोन्ही पिठूळ अन्न. मुलांना आणि गरोदर बायांना त्यातून प्रथिने पुरेशी मिळत नाहीत. कुळीथ, उडीद, चवळी बांधावर पुन्हा यावी, आठळ्या राखेत राखून ठेवाव्यात, गौळी वाड्यांतले दूध आधी गावातल्या अंगणवाडीच्या मुलांना आणि मग डेअरीला जावे. रानातली भाजी, अळंबी, बांबूचे कोंब हे पावसाळ्यातले मोठे बळ आहे. मात्र रानटी कडू करांदे अनुभवी बायकांनी सांगितल्याप्रमाणे शिजवून, पाणी बदलूनच खावेत, आणि हे ज्ञान आजीकडून नातीकडे जाईल याकडे गटाने लक्ष द्यावे.

तिसरे काम कागदपत्रांचे. कायद्याने मिळालेला हक्क कागदाअभावी अडतो हे नेहमीचे. इथल्या बऱ्याच घरांत बोली कोंकणी-मराठी, पण अर्ज, नोटीस आणि रेशनची पाटी कन्नडमध्ये. शिकलेल्या पोरांनी महिन्यातून एक दिवस अंगणात बसून ते वाचून दाखवावे, भरून द्यावे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे आणि नव्या बाळाचे नाव कार्डात चढले की नाही, म्हाताऱ्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून त्याचे धान्य बुडते का, अंगणवाडी नियमित चालते का, याची नोंद ठेवावी. रेशन दुकानावर देखरेख समिती असावी आणि सामाजिक लेखापरीक्षण व्हावे, असे २०१३ च्या कायद्यातच म्हटले आहे. शाळेतल्या दुपारच्या जेवणातून पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. पालकांनी ते ताट अधूनमधून पाहावे.

याच कामात वनहक्काचा प्रश्नही येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. सिद्दी समाज २००३ पासून अनुसूचित जमातींत आहे. सिद्दींना ज्या कायद्याने ही मान्यता मिळाली, त्याच कायद्याने ती गोव्यातल्या कुणब्यांनाही मिळाली, पण सीमेच्या या बाजूच्या कुणब्यांना मिळाली नाही, म्हणून वनहक्क मागताना त्यांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. हा अन्याय दूर होईपर्यंत जुने सारापावतीचे कागद आणि म्हाताऱ्यांच्या जबान्या गोळा करण्याचे काम ग्रामसभांनी थांबवू नये. भिरंड, मध, रानफळे यांवरचा हक्क म्हणजे त्यांच्या विक्रीतून येणारी पावसाळ्यातली डाळ आणि तेल आहे.

गोव्यात, बेळगावात, पुण्यात आणि मुंबईत कामाला गेलेल्या जोयडेकरांना वेगळी विनंती आहे. घरून फोन आला की ऑगस्टात पैसे पाठवले जातात आणि त्या पैशांनी महाग तांदूळ विकत घ्यावा लागतो. तीच रक्कम मळणीच्या वेळी गावच्या धान्य बँकेला मिळाली, तर शेजाऱ्याचेच भात रास्त भावाने घेऊन कणगीत ठेवता येते, आणि वाहतूकही लागत नाही. प्रत्येक वाडीने दिवाळीनंतरच्या पहिल्या ग्रामसभेत साठ्याची जागा, किल्ली आणि वही कोणाकडे राहणार हे ठरवावे, मळणी होताच भात मोजून घ्यावे, मेमध्ये कंदाचे बियाणे वाटावे आणि मिरगाच्या आधी साठ्याचा हिशेब सगळ्यांसमोर वाचावा.