श्वानाच्या ताटातील ‘शाकाहारी मांस’

मीरा-भाईंदरमध्ये कोणी काय खावे, हा वाद नवा नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये पर्युषणाच्या काळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय तेथील महापालिकेने घेतला आणि त्यावरून राज्यभर राजकारण तापले. माणसांच्या ताटावरचा हा वाद आता घरातल्या कुत्र्याच्या ताटापर्यंत येऊन ठेपला आहे. मीरा रोड पूर्वेच्या पूनम सागरसारख्या दाट वस्तीच्या संकुलांत निरनिराळ्या आहारपरंपरांची कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात. शाकाहारी घरात कुत्रा आला, की त्याच्यासाठी कोंबडी शिजवावी कशी, हा पेच उभा राहतो. कधी स्वयंपाकघराचा सोवळेपणा आड येतो, कधी शेजाऱ्यांची नाराजी. मग हाताशी येते ती सोयावडी किंवा मांसासारख्या चवीचे तयार शाकाहारी कबाब. हे अन्न कुत्र्याला मानवते का, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर दोन टोकांना शोधले जाते. ‘कुत्रा मांसाहारी प्राणी, त्याला मांसच हवे’ असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष गावाकडच्या ताकभाकरीवर वाढलेल्या कुत्र्यांचा दाखला देतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. वस्तुतः दोन्ही मते अर्धीच खरी आहेत. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिल्याने पिष्टमय पदार्थ पचविण्याची क्षमता कुत्र्याने लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक कमावली, हे २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखविले. मांजराची गोष्ट वेगळी; त्याला प्राणिजन्य अन्नाशिवाय गत्यंतर नाही. दुसरीकडे, गावातला कुत्रा केवळ भाकरीवर जगत नाही. उंदीर, घुशी, उकिरड्यावरची हाडे असे बरेच काही तो स्वतः मिळवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेतल्या कुत्र्याला ही सोय नाही. मालक जे वाढेल तेवढेच त्याचे अन्न.

प्रथिने आहेत, पण पूर्ण नाहीत

सोयावडीच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग प्रथिनांचा असतो. अमेरिकेत प्रमाण मानल्या जाणाऱ्या निकषांनुसार प्रौढ कुत्र्याच्या कोरड्या आहारात किमान १८ टक्के, तर पिल्ले व गाभण कुत्री यांच्या आहारात किमान २२.५ टक्के प्रथिने हवीत. या हिशेबाने सोयावडी सहज उत्तीर्ण होते. मात्र, प्रथिनांचे प्रमाण आणि त्यांचा दर्जा या भिन्न गोष्टी आहेत. सोयाबीनमध्ये मिथिओनिन हे अमिनो आम्ल तुलनेने कमी असते. हृदयाच्या स्नायूंना आवश्यक असलेले टॉरिन कुत्र्याचे शरीर मिथिओनिन व सिस्टिन यांपासून बनविते. कच्चा माल अपुरा पडला, तर टॉरिनही अपुरे पडते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत जवळजवळ नसतेच. ड जीवनसत्त्व माणसाप्रमाणे उन्हातून पुरेसे मिळविण्याची सोय कुत्र्याच्या त्वचेत नाही. ते अन्नातूनच यावे लागते. कॅल्शियम व फॉस्फरस यांचे गुणोत्तर बिघडले, तर वाढत्या पिल्लाची हाडे वाकतात. मांसाला पर्याय म्हणून गाजणाऱ्या कच्च्या फणसाच्या गऱ्यांत तर १०० ग्रॅममागे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम प्रथिने असतात.

तथापि, हा दोष केवळ शाकाहाराचा नव्हे. हाडांविना उकडलेली कोंबडी आणि भात एवढ्यावरच वर्षानुवर्षे ठेवलेल्या कुत्र्यालाही कॅल्शियम कमीच पडते. मांस की सोया, यापेक्षा आहार परिपूर्ण आहे की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

खरा धोका मसाल्याचा

माणसांसाठी बनविलेली मांसपर्यायी उत्पादने ही आणखी वेगळी बाब. रितेश व जेनेलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये या व्यवसायात पाऊल टाकले, तेव्हापासून अशी उत्पादने मराठी घरांतही परिचित झाली. माणसाला ती रुचावीत म्हणून या प्रकारच्या कबाब-खिम्यांत सहसा मीठ, मसाला आणि कांदा-लसणाची पूड असते. कांदा-लसणातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक कांदा एकाच वेळी पोटात गेल्यास विषबाधा होते. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम कांदाही घातक. शिजविल्याने हा गुणधर्म जात नाही आणि पुडीत तो अधिक तीव्र असतो. लक्षणे काही दिवसांनी दिसत असल्याने कारण ध्यानात येत नाही. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याची ग्वाही देतो, तो श्वानास निर्धोक असल्याची नव्हे.

खास श्वानांसाठीचे खाद्यही डोळे झाकून घेण्याजोगे नाही. मार्च २००७ मध्ये अमेरिकेत पशुखाद्य मोठ्या प्रमाणावर परत मागवावे लागले. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेले आढळले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक कुत्री-मांजरे दगावली. प्रथिने मोजण्याच्या चाचणीत नायट्रोजन तपासला जातो. तो फुगविण्यासाठी ही भेसळ होती. पुढे २०१८ मध्ये वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या धान्यविरहित खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी तेथील अन्न व औषध प्रशासनाने सुरू केली. कार्यकारणभाव मात्र सिद्ध झाला नाही.

उलट बाजूही नोंदविली पाहिजे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, अडीच हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीत वनस्पतीजन्य आहारावरील कुत्र्यांचे आरोग्य चांगले असल्याचे दिसले. ही माहिती मालकांनीच दिलेली असल्याने तिला मर्यादा आहेत. ब्रिटिश पशुवैद्यक संघटनेने २०२४ मध्ये आपला जुना विरोध सोडून, पोषणदृष्ट्या परिपूर्ण वनस्पतीजन्य आहार कुत्र्यांना देता येतो, अशी भूमिका घेतली. भर ‘परिपूर्ण’ या शब्दावर आहे.

आपल्याकडे मात्र चर्चा कुत्र्यांना कोठे खायला घालावे, यावरच अडली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांना अन्न घालण्यासाठी प्रभागनिहाय जागा ठरविण्यास सांगितले. त्या जागी काय घालावे, याचाही विचार महापालिका व प्राणिमित्रांनी केला पाहिजे. घरच्या कुत्र्याबाबत तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पुरेसे अन्न देण्याची जबाबदारी मालकावरच टाकतो.

शाकाहारी कुटुंबाने कुत्रा पाळू नये, असे म्हणण्याचे कारण नाही. त्याला परिपूर्ण म्हणून प्रमाणित केलेले शाकाहारी श्वानखाद्य द्यावे, वर्षातून एकदा पशुवैद्यकाकडून रक्त व हृदय तपासून घ्यावे, पिल्ले व गाभण कुत्री यांच्यावर प्रयोग करू नयेत. बिनमसाल्याची उकडलेली सोयावडी अधूनमधून चालेल. रोजचे जेवण म्हणून नव्हे, आणि आपल्या ताटातला कबाब तर मुळीच नव्हे. अहिंसेचे व्रत माणसाने स्वेच्छेने घेतलेले असते, कुत्र्याला ती निवड नसते. त्याच्या वतीने ती करणाऱ्याने भूतदयेइतकीच पोषणशास्त्राचीही चाड ठेवली पाहिजे.